हाताला लागणारे जोड

आबांना हात फिरवायची खोड होती. कुणाकडेही गेले, पाणी प्यायले, ख्यालीखुशाली विचारून झाली, की उठायचे आणि भिंतीवरून तळवा फिरवायचे. मग नाक मुरडायचे. "कुणी केलंय हे? पुट्टी काय चमच्यानं भरली का?" घरवाले बिचारे बघत राहायचे. लेकीनं कितीदा बजावलं, "आबा, लोकांच्या घरी जाऊन भिंती तपासायच्या नसतात, माणसांशी बोलायचं असतं." पण उभा जन्म रंगकामात गेलेला माणूस. हाताला खटकलं की तोंड कसं गप्प बसणार?

आणि शेखी तरी किती मिरवावी माणसानं! "मी रंगवलेल्या दारावर डोळे मिटून हात फिरव. फळी कुठं संपली आणि चौकट कुठं लागली ते सांगितलंस, तर मिशी उतरवीन." जोड कळता कामा नये, हा त्यांचा धर्म. लाकूड असो, लोखंड असो की सिमेंट, आबांचा हात लागला की सगळं एकसारखं, लोण्यासारखं. पांढरीशुभ्र, झुपकेदार मिशी अजून जागच्या जागी होती, यावरून काय ते समजा.

आबा लेकीकडे राहायचे. लेक बिस्किटांच्या कारखान्यात, कधी सकाळच्या पाळीला, कधी रात्रीच्या. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, तो पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. म्हणजे दिवसभर घरात दोघंच, आबा आणि नात. नातीचं शाळेसाठी ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त दवाखान्यातल्या बायका घ्यायच्या. घरात ती ठकी. वय वर्षं सात. जन्मापासून दिसत नव्हतं, चालताना पाय जरा एकमेकांत अडकायचे, आणि शब्द मोजकेच यायचे: आबा, आई, नको, अजून, सोड. एवढ्या भांडवलावर ती सगळं घर चालवायची, आणि चालवायची म्हणजे कशी, तर ठाणेदारासारखी. खुर्ची कुणी जागची हलवली की "नको!" आबांनी गाणं अर्ध्यात थांबवलं की "अजून!" कपाटाचा कोपरा, टेबलाची कड, दाराची कडी, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं.

पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं रे पडलं, की ही वाघीण गोगलगाय व्हायची. आबांची करंगळी मुठीत धरायची, ती इतकी गच्च की नख पांढरं पडायचं. परत घरात येईपर्यंत ती मूठ सुटायची नाही. कुणी फूल दिलं, नको. कुणी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवायला बोलावलं, नको. एक हात करंगळीत अडकलेला, दुसरा छातीशी. जग म्हणजे काय, तर आबांची करंगळी.

आठवड्यातून दोनदा आबा तिला न दिसणाऱ्या मुलांसाठीच्या केंद्रात घेऊन जायचे. तिथल्या बाई स्वभावानं तुटक, पण मुलांवर जीव टाकणाऱ्या. एके दिवशी त्यांनी आबांना बाजूला घेतलं.

"आबा, हिला पडायची भीती नाहीये. घरात ती दहा वेळा पडते आणि उठते. पुढं काय आहे ते कळत नाही, याची भीती आहे. बाहेरची एक तरी जागा अशी हवी, जी तिला हातानं, पायानं, नाकानं, कानानं वाचता येईल. तुमच्याकडे मागं मोकळी जागा आहे ना? छोटी बाग करा. महागाचं काही नको, आणि रोज उठून ज्याचं करत बसावं लागेल असंही नको. रोजचं करणं आलं की महिन्याभरात सगळे कंटाळतात, बाग जाते वाळून. वासाची चार चिवट झाडं लावा, हाताला वेगवेगळं लागेल असं काहीतरी ठेवा, वाजणारं एखादं काही. बस्स."

"आणि मग ती एकटी जाईल?"

"जाईल का ते तीच ठरवेल. पण तुमची करंगळी काही जन्मभर पुरायची नाही, आबा."

बाईंनी सहज म्हटलं, पण आबांच्या ते काळजात घुसलं. घरी येईपर्यंत ते आपल्या करंगळीकडेच बघत होते. गुडघे कुरकुरत होते, जिने चढताना धाप लागत होती. आज ना उद्या आपण जाणार, लेक कारखान्यात, जावई रस्त्यावर. मग ही पोर काय उंबऱ्यावर बसून राहणार? करंगळीची वाट बघत? त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवलं, मी आहे तोवर ही पोर मागच्या दारातून त्या टोकापर्यंत एकटी गेली पाहिजे. कुणाचा हात न धरता. मग मी मरायला मोकळा.

घरामागं एक चिंचोळी पट्टी होती. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपणाची, आणि मध्ये फुटक्या बादल्या, गंजलेली सायकल आणि लोकांनी 'राहू दे, लागेल कधीतरी' म्हणून टाकलेला पसारा. शेवटाला ती पट्टी एक वळण घेऊन पाण्याच्या टाकीपाशी संपत होती. आबांनी आपल्या जुन्या दोस्ताला हाक मारली. तो पलीकडच्या गल्लीतला गवंडी. दोघांनी मिळून निम्मं शहर उभं केलं होतं आणि त्या निम्म्या शहरात एकमेकांशी भांडण केलं नाही अशी एक इमारत नव्हती. गवंड्याच्या वाकड्या भिंती आपण झाकल्या असं आबांचं म्हणणं, आणि आपल्या सरळ भिंतींवर आबांनी चुना फासला असं गवंड्याचं.

"बाग?" गवंडी म्हणाला. "तुला कोथिंबीर आणि गवत यातला फरक कळतो का?"

"तू वाट घाल, बाकीचं मी बघतो."

आणि खरंच, दोघं म्हातारे कामाला लागले. पदरचं जवळजवळ काही गेलं नाही. रंगाचे रिकामे डबे आबांकडे ढिगानं होते, त्यांना बुडाला भोकं पाडून कुंड्या झाल्या. पुदिन्याच्या काड्या आणि गवती चहाचा एक गड्डा शेजारणीनं दिला. ओव्याच्या जाड, लव असलेल्या पानांचं झाड कुणाच्या तरी कुंपणावरून फांदी मोडून आणलं, ते नुसतं खोचलं तरी जगतं. स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी एका पाइपानं डब्यांकडे वळवलं, म्हणजे भाजी धुतली की झाडांना आपोआप पाणी. पाडलेल्या एका घरातून जिन्याचा लाकडी कठडा मिळाला, तो ठकीच्या कमरेच्या उंचीवर घराच्या भिंतीला दारापासून वळणापर्यंत ठोकला. पुढं वळणावर आणि टाकीपर्यंत, जमिनीत रोवलेल्या खुंटांवर, लोखंडी नळ. गवंड्यानं पायाखाली आधी विटा उभ्या लावल्या, मग नदीतले गोल गोटे रोवले, मग खोक्यांच्या फळ्या, आणि टाकीपाशी वाळू. टाकीशेजारी एक मोठा पत्र्याचा डबा उपडा टांगला आणि त्याला लाकडी दांडका बांधला. वाजवायला.

एवढं झालं आणि गवंडी आपल्या मुलीकडे गेला, तिचं बाळंतपण होतं. "आता हात लावू नकोस कशाला," असं जाताना बजावून गेला. झालं! आबांना तेवढंच हवं होतं.

गवंड्याची पाठ वळली आणि आबांनी वाटेकडे बघितलं. सगळं कसं ओबडधोबड! विटांच्या कडा, गोट्यांमधल्या खाचा, कठड्याच्या लाकडाला गाठी, लाकूड आणि लोखंड जिथं मिळतं तिथं चक्क पायरी. पोरगी ठेचकाळली तर? हाताला कुसळ लागलं तर? आणि खरं सांगायचं तर, आबांच्या हाताला ते बघवत नव्हतं. हाताला बघवत नाही असं कुठं असतं का, असं तुम्ही विचाराल. रंगाऱ्याला विचारा.

मग काय, त्यांनी काचपेपर काढला. कठडा घासला, गाठी बुजवल्या, लाकूड आणि नळ यांच्यामधल्या जोडात पुट्टी भरून पुन्हा घासला. गोट्यांमध्ये आणि विटांमध्ये पातळ सिमेंट ओतून सारखं केलं, वाळू उचलून तिथंही सिमेंट टाकलं. फळ्यांच्या फटी भरल्या. मग अस्तराचा हात, मग ऑइलपेंटचा, मग आणखी एक. कठडा पिवळा, डबे लाल, वाट हिरवी, भिंत आभाळी. दिसणाऱ्या माणसाला डोळे दिपतील असं. काम संपल्यावर आबांनी डोळे मिटून सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात फिरवला. एक जोड लागला नाही. अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या. एवढा जीव ओतून तर त्यांनी बंगलेवाल्यांचं काम केलं नव्हतं.

रंग वाळला त्या रविवारी लेक घरीच होती. तिनं ठकीचे केस विंचरले, नवा फ्रॉक घातला. आबांनी करंगळी पुढं केली आणि मागचं दार उघडलं.

ठकीनं एक हात कठड्यावर ठेवला. दुसऱ्या मुठीत करंगळी. चालली. कठड्यावरून हात सरकत गेला, गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत. पायाखाली सपाट, सपाट, सपाट. नाकात रंगाचा वास. पुदिन्यापाशी आबांनी तिचा हात धरून पानांना लावला, तर तिनं झटकन काढून घेतला. वळण आलं ते तिला कळलंच नाही, ती नळावर आदळली आणि मूठ इतकी आवळली की आबा कळवळले.

"नको," ठकी म्हणाली. "नको. नको."

तिला घरात आणलं. ती टेबलाची कड चाचपडत आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"छान झालंय हो, आबा," लेक म्हणाली. "रंग किती सुरेख आहेत." ती हे इतक्या प्रेमानं म्हणाली की आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं भांडण काढलं असतं तरी चाललं असतं. पण ती कौतुक करत होती, लहान मुलाच्या चित्राचं करतात तसं.

मग बरेच दिवस आबा मागच्या दाराकडे फिरकले नाहीत. ठकी उंबऱ्यावर बसायची, आबा आतल्या खुर्चीत. "होईल सवय," लेक म्हणायची. आबा हूं म्हणायचे आणि खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत राहायचे.

गवंडी परत आला तो नातवाचे पेढे घेऊन, पण पेढा हातात ठेवायच्या आधी त्याची नजर मागच्या दारातून बाहेर गेली.

"माझे गोटे कुठं गेले?"

आबांनी खिडकीची चौकट चाचपायला घेतली.

"अरे ए शहाण्या, माझे गोटे कुठं गेले? आणि वाळू? फळ्यांच्या फटी कुठायत? पानांना तेवढा रंग द्यायचा राहिला की रे!"

इतके दिवस पडलेलं तोंड, पण गवंड्यानं हिणवल्यावर आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ओबडधोबड ठेवून गेला होतास ते निस्तरलं मी. मीट डोळे. फिरव हात कठड्यावरून. लाकूड कुठं संपलं आणि लोखंड कुठं लागलं सांग. सांगितलंस तर मिशी उतरवतो."

"उतरवशीलच," म्हणत गवंड्यानं डोळे मिटले आणि निघाला. हात कठड्यावर, चाल ऐटीत. चार पावलं, आणखी चार. "लागेल आता... आता लागेल... आता..." आणि वळणावर त्याची नडगी धाडकन नळाच्या खुंटावर! गवती चहाचा डबा उलटला, म्हातारा खाली बसला आणि नडगी चोळत त्यानं अशी एक शिवी हासडली की शेजारची खिडकी बंद झाली.

आबा खदखदून हसले. "हरलास! जोड सापडला नाही!"

"खड्ड्यात गेला तुझा जोड! अरे, पुढं काय आहे ते कळायला नको का माणसाला?"

आबांचं हसू जागच्या जागी थिजलं. पुढं काय आहे ते कळत नाही. बाईंचेच शब्द. ठकीचे डोळे म्हणजे तिची बोटं, आणि त्या बोटांसमोर आपण काय ठेवलं? तर पिवळ्या ऑइलपेंटचा अंधार. विटा होत्या, गोटे होते, गाठी होत्या, गवंड्यानं सगळं लिहून ठेवलं होतं तिच्यासाठी. आपण काचपेपर घेऊन बसलो आणि एक एक अक्षर पुसून टाकलं. वर त्याचा अभिमान!

"तुझं बरोबर आहे," आबा म्हणाले.

गवंडी नडगी चोळायचा थांबला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं आबांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आबांनी पेटीतून खरवडायची पत्ती काढली. स्वतःच्या हातानं दिलेला शेवटचा हात स्वतःच्याच हातानं खरवडायचा, हे रंगाऱ्याला किती जड जातं ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही. आबांनी पत्ती कठड्याला लावली. मग त्यांनी दात आवळले आणि ओढली. करकरत पिवळी साल निघाली आणि खालचं लाकूड दिसलं.

तो करकर आवाज आत गेला. थोड्या वेळानं आबांनी मान वळवली तर ठकी उंबऱ्यावर उभी, कान टवकारून. तिनं दाराची चौकट धरली, वाकली आणि कठड्याच्या सुरुवातीला हात लावला. गुळगुळीत रंग. मग बोट पुढं गेलं आणि कडेला अडलं. तिथं रंग संपत होता आणि उघडं लाकूड सुरू होत होतं. ती थांबली. बोट मागं घेतलं, परत पुढं नेलं. मागं, पुढं. रंग, लाकूड. रंग, लाकूड. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की गवंडी नडगी विसरला.

"अजून," ठकी म्हणाली.

"अजून काय, सगळं खरवडतो, माझी माय!" आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मग उलटं काम सुरू झालं. जिथं जिथं जोड होता, तिथं तो हाताला ठळक लागला पाहिजे असं करायचं. आबांनी लाकडाच्या गाठी मोकळ्या केल्या, पण कुसळ एकही ठेवलं नाही. पुदिना आला हे सांगायला कठड्यावर सुतळी गुंडाळली, गवती चहापाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा. वळणाच्या दोन पावलं आधी जाड दोराच्या तीन गाठी, म्हणजे 'सांभाळ, वळायचंय'. वळणानंतर उघडं, गार लोखंड, थेट टाकीपर्यंत. गवंडी छिन्नी घेऊन आपले गोटे मोकळे करत बसला आणि प्रत्येक गोट्यागणिक आबांचा उद्धार करत राहिला. वाळू परत आली. भिंतीवरचा आभाळी रंग मात्र गवंड्यानंच ठेवायला लावला. "असू दे. बाकीच्यांना बघायला."

शेवटी गवंड्यानं पुन्हा डोळे मिटले आणि सबंध वाट चालून दाखवली. "हा एक जोड. हा दुसरा. हा तिसरा, आता मी वळतोय बघ. मिशी काढ!"

आणि आबांनी खरंच काढली. आरशासमोर उभं राहून, शीळ घालत. ठकीनं सवयीनं त्यांच्या तोंडावरून बोटं फिरवली, ओठावर येऊन थबकली. "आबा?" तिनं संशयानं विचारलं. "मीच आहे गं ठके," आबा म्हणाले, "पैज हरलो. इतकं छान कधी हरलो नव्हतो."

रंगाचा वास उडून पुदिन्याचा सुटायला थोडे दिवस गेले. ठकी रोज करंगळी धरून एक फेरी मारायची. मूठ पहिल्याइतकी गच्च नव्हती, पण मूठ होतीच. सुतळीपाशी थांबायची, नाक फेंदारायची. गोट्यांवर पाय घासायची. आबा तिच्या चालीनं चालायचे. घाई केली की विचका होतो, हे त्यांना एकदा पुरतं कळलं होतं.

त्या दिवशी लेक सकाळची पाळी करून आली होती आणि आत पोळ्या लाटत होती. आबा आणि ठकी मागच्या दारात. ठकीचा उजवा हात कठड्यावर, डाव्या मुठीत करंगळी. सुतळी लागली. ठकी थांबली. पुदिन्याचं पान तिला खुडायचं होतं, हे आबांना तिच्या मानेच्या झुकण्यावरून कळलं. पण कठडा सोडायची तिची तयारी नव्हती. आता पानापर्यंत जायला दुसरा हात हवा, आणि दुसऱ्या हातात आबा.

ठकी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं हात ओढला. सुटला नाही. तिनं पुन्हा ओढला.

"सोड," ठकी म्हणाली.

आबांनी खाली बघितलं. ठकीची मूठ केव्हाच उघडली होती. तिचा हात धरून ठेवला होता तो त्यांनी.

सोडताना त्यांना वाटलं, काळीजच हातातून निसटतंय. पण सोडला. ठकीनं पान खुडलं, चुरडलं, नाकाला लावलं, आणि निघाली. गाठी असलेलं लाकूड. रबरी पट्टा. खाली विटा, गोटे, फळ्या. पाय अडखळले, ती तोल सावरून पुढं गेली. दोराच्या तीन गाठी तिनं बोटानं चाचपल्या, गार नळावर हात ठेवला आणि वळली. भिंतीआड गेली. दिसेनाशी झाली. आबा उंबऱ्यावर तसेच उभे, करंगळी अजून पुढंच केलेली.

वेळ जाता जाईना. मग टाकीकडून आवाज आला. ढण्! आणि लगेच आणखी एक. ढण्! ढण्!

लेक लाटणं हातात घेऊन हसत बाहेर डोकावली. "आज अगदी दणक्यात वाजवायला लावलंय की हो तिला, आ..." आणि तिला आबा समोरच दिसले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आबा, तुम्ही इथं? मग तिकडं ठकीबरोबर कोण आहे?"

आबांनी मान ताठ केली. आयुष्यात किती कामं केली, किती ठिकाणी शेखी मिरवली, पण असं छाती फुगवून ते कधीच काही बोलले नव्हते.

"कुणी नाही," ते म्हणाले.